ब्रेकची कडी

एप्पो, थांब.
फाटकातून बाहेर पडण्याआधी खाली बघ,
उजव्या बुटाजवळ.
दोन ब्रेक आहेत. शेतात ते सुटे असतात:
डावा दाबला की डावं चाक थबकतं
आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो,
दाव्याला बांधलेल्या गाईसारखा.
रस्त्यावर हे चालत नाही.
एका चाकाने थांबायचं ठरवलं आणि दुसऱ्याने नाही,
तर तू थेट कालव्यात.
ती कडी आडवी सरकव. खट्ट वाजली पाहिजे.
मला ऐकू आलं नाही. पुन्हा.

हं.

परवाच सोळा पूर्ण झाली तुला, खिशात परवाना आहे,
फोटोत केस ओले दिसतात.
मागे अठरा टन साखरबीट.
त्यांना तुझं वय ठाऊक नाही.
हा ग्रोनिंगनचा मुलूख तळहातासारखा सपाट,
इथे चढ म्हणजे फक्त पुलाचा,
पण उतारही त्याचाच, आणि उतारावर बीट
पाठीत हात घालून ढकलतात.

मागचा त्रिकोण पुसलास? बाहीने पूस.
धुक्यात तुझी ओळख तेवढीच.
डोक्यावरचा नारिंगी दिवा लाव.
मित्र हसतील म्हणून विझवू नकोस,
तुझ्या आधी फोक्कोने विझवला होता
आणि त्याला हसायलाही कुणी उरलं नसतं
जर दुधाचा टँकर दोन हात उशिरा थांबता.

मागे गाड्या साचल्या तर बसथांब्याच्या कडेला घे,
जाऊ दे त्यांना.
कुणी काच खाली करून शिवी दिली तर घेऊन टाक.
शिवी देणारा घरी पोचतो.

साडेसात ते सव्वाआठ शाळेची मुलं.
समुद्राच्या बांधाकडून येतात, तिघं तिघं शेजारी,
बोलत, आणि वारा समोरून असला की
माना खाली घालून.
उजवीकडे वळताना नीट ऐक:
उजवा आरसा खोटं बोलत नाही,
पण सगळं सांगतही नाही.
मोठ्या चाकाच्या बगलेत एक जागा आहे
जिथे अख्खी सायकल मावते, दप्तरासकट,
आणि दिसत नाही.
मी मोजली आहे. हार्मला तिथे उभं केलं,
वर चढून बसले, म्हटलं, हात हलव.
तो म्हणाला, केव्हाचा हलवतोय.

आता चिखल.
चाकांतून चिकणमाती सांडते, गाड्या ती दाबत जातात,
सकाळपर्यंत रस्ता सारवल्यासारखा गुळगुळीत.
त्या वर्षी पाऊसही नव्हता, नुसतं दहिवर.
रात्रीचे अकरा वाजले होते.
मी म्हटलं, उद्या झाडू.
पिवळा फलक गाडीतच होता, मागच्या सीटवर,
त्याच्यावर माझा कोट.

खेस्ये चौदा वर्षांची होती.
कमरेचं हाड.
दप्तरातून एक डबा उघडून पडला होता,
पावाचे चौकोन रस्त्यावर, वर चिखल नाही,
तेवढे तेवढे कसे स्वच्छ राहिले कोण जाणे.

ती आता गावच्या औषधाच्या दुकानात असते.
माझ्या गुडघ्याचं मलम तीच काढून देते.
आम्ही हवेबद्दल बोलतो. वारा पडला, वारा उठला.
वरच्या फळीवरचं काही हवं असलं
की ती काउंटरमागून बाहेर येते, शिडीकडे चालत,
आणि तेवढा वेळ मी पिशवीत
काहीतरी शोधत राहते.

म्हणून झाडू घेतलाय. फावडंही.
फलक आजपासून पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी,
पट्टा लावून बसवलाय त्याला, हसू नकोस.
तुझ्या मागून मी येते, हळू,
तू सांडशील ते काढत.

जा आता.
पण आधी एकदा, माझ्यासाठी,
ती कडी.