हरितगृह क्रमांक तीनची नोंदवही

सकाळचे दहा वाजलेत आणि बाहेर अजून रात्र आहे.
आत, काचेखाली, दिवे पिवळेधमक,
गरम पाण्याच्या नळांची घुरघुर,
आणि काकड्या लोंबताहेत निवांत,
जणू जानेवारी ही दुसऱ्याच कुणाची तरी भानगड.

माझ्या काकड्या, माझ्या ढोबळ्या मिरच्या
रेक्याविकला जातात,
शाळांत, इस्पितळांत, बोटींवरच्या भटारखान्यांत.
निम्मं बेट खातं.
माझी इल्वा खात नाही.

इल्वा, वय वर्षं चार, पांढरं खाते :
स्कीर, पाव, सोललेला बटाटा,
काटे काढलेला कॉड.
पांढऱ्यावर हिरवा ठिपका दिसला
की ताट असं दूर सारते
जसं त्यात कुणी मेलंय.

मी ब्रोकोली इतकी बारीक केली
की तिची तिला ओळख पटली नसती.
इल्वाला पटली.
एक घास घोड्याचा, एक घास मेंढीचा,
एक घास कड्यावरच्या पफिनचा...
घोडा, मेंढी, पफिन जेवून, ढेकर देऊन गेले,
ही तोंड मिटून.
कार्टूनची लाच दिली एकदा.
कार्टून पाहून झालं,
वाटाणे सापडले उशीखाली. सात.

मेहुणा म्हणाला, उपाशी ठेव, झक मारत खाईल.
ठेवली एक रात्र.
ती झोपली.
मीच पडून होतो जागा, पोटात कालवाकालव,
आणि साल्व्होर, तिची आई, भिंतीकडे तोंड करून.

दवाखान्यातली परिचारिका म्हणाली,
वाढत राहा. बोलू नका. दहा वेळा, पंधरा वेळा.
आणि पंधरानंतर?
सोळा, ती म्हणाली.

मग वादळ आलं. बालवाडी बंद.
साल्व्होर कामावर, इल्वा माझ्याबरोबर, काचेखाली.
भुंग्यांची खोक्यातली वसाहत बघत बसली.
‘हे काय खातात?’
मिरचीच्या फुलातले कण.
‘आणि मिरची?’
ती नंतर होते. यांच्यामुळेच होते.
‘आणि मग ती हे खातच नाहीत?’
नाही.
‘शहाणे आहेत,’ ती म्हणाली,
आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच
कुणीतरी आपल्या बाजूचं भेटल्यासारखी हसली.

दुपारी खोक्यांवर चिकटपट्ट्या लावल्या तिनं,
तिरक्या, पण लावल्या.
एक काकडी मी बाजूला टाकली.
‘ही का नाही?’
वाकडी आहे. दुकानदार घेत नाही.
‘मग हिला कुणीच खात नाही?’
मी तोंड उघडलं.
परिचारिका आठवली.
मिटलं.
पाठ फिरवून दोऱ्या मोजू लागलो,
अकरा, बारा, तेरा,
आणि मागून एक बारीक, ओला आवाज आला.

‘पाण्यासारखी लागते,’
तक्रारीच्या सुरात.

मी वळलो नाही. चौदा. पंधरा.
हात थरथरत होते, वेड्यासारखे,
एवढ्याशा जिभेनं एवढ्याशा सालीला
शिवलं म्हणून.

रात्री काकडी तिच्या उशीशी, पांघरुणात.
नाव ठेवलंय : थोरगिल्स.
काकडी म्हणजे ती ना, मी म्हटलं.
‘हा तो आहे.’
बरं. आता थोरगिल्सला चिरणार कोण?
साल्व्होर दारात उभी राहून
तोंडावर हात धरून हसत होती,
मला मात्र हसू येईना नि रडूही.

नोंद.
तापमान एकवीस. आर्द्रता सत्तर.
वारा ईशान्येचा, एक काच तडकली, पुठ्ठा लावला.
भुंगे ठीक.
इल्वा : चाटली, एकदा. खाल्ली नाही.
थोरगिल्स सुरकुतायला लागलाय.
उद्या दुसरी वाकडी
तिला दिसेल अशी ठेवायची,
आणि आपण गप्प राहायचं.