गोंगाट कमी करा: चालू

माझ्या पदाचं नाव दारावरच्या पाटीत मावत नाही,
म्हणून पाटीवर फक्त 'साहाय्य' लिहिलंय
आणि खाली कुणीतरी पेन्सिलीनं: दुपारी दोननंतर.

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्याला,
सर्व्हरच्या खोलीला चिकटून माझी खोली.
भिंतीत कायम एक बारीक घूं असतं.
मला ते ऐकू येणं कधीच बंद झालं.

माझ्याकडे येतात पासवर्ड विसरलेले विभागप्रमुख,
प्रश्नपत्रिका चुकून सगळ्या वर्गाला पाठवलेले कुंकळकर सर,
कॅमेऱ्यावर रुमाल टाकून शिकवणाऱ्या मळकर्णेकर बाई.
सगळे आधी दारात थांबतात,
दवाखान्यात दुसऱ्याच कुणाचं तरी दुखणं घेऊन आल्यासारखे:
"आमच्या विभागात एकजण आहेत, त्यांना जमत नाही..."
मी त्या एकजणांना खुर्ची देते.

डॉ. इनासिया रिबेलो मात्र थेट टेबलापाशी आल्या.
भूशास्त्र. निवृत्तीला चौदा महिने.
पिशवीतून सहा दगड काढून ठेवले, त्यातला एक कीबोर्डवर.
पडद्यावर लांबच लांब क क क क उमटत गेला.
"बाय, हांवें शिकयलें, पूण भुरग्यांक कायच आयकूंक येना."

मी त्यांचं रेकॉर्डिंग लावलं.
पडद्यावर त्या हातोडी उचलतात,
म्हणतात, हा आवाज लक्षात ठेवा,
आणि हातोडी पडते
कापसावर पडावी तशी.
पुन्हा.
पुन्हा.
सहाच्या सहा दगड मुके.
फक्त त्यांचं "ऐकलंत? ऐकलंत ना?"
स्वच्छ, अगदी आकाशवाणीवरचं.

चूक सापडायला चार मिनिटं लागली
आणि ती माझी होती.
जूनमध्ये सगळ्या प्राध्यापकांच्या खात्यांवर
मीच एक खूण करून ठेवली होती.
पंखे, कावळे, गवत कापायचं यंत्र,
बांबोळीच्या चढावर गिअर बदलणारी कदंब,
या सगळ्यांपासून मी त्यांना वाचवलं होतं.
परिपत्रक काढलं होतं, वर कौतुकाची दोन उत्तरंही आली होती.

यंत्राचा हिशेब सोपा:
जो शब्द नाही, तो कचरा.

मी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत,
म्हणाल्या, धर हातोडी.
मग सर्व्हरच्या शेजारी, नियमात कुठेही न बसणारी
ठोकाठोक.
गारगोटी टण्ण, दातांत कळ जाईल अशी.
कुजलेला फिलाइट ठप्, चहात बुडवलेलं बिस्किट.
आणि जांभा, ज्याच्या चिऱ्यांत मी जन्मापासून झोपते,
त्याला मी कधी काही विचारलंच नव्हतं,
तो कोरड्या खोकल्यासारखं काहीतरी बोलला.
दगड आतून पोकळ झाला की डोळ्याला दिसत नाही, त्या म्हणाल्या,
कानाला आधी कळतं.
उद्या खाणीच्या कड्याखाली कोण उभं राहणार आहे?
मी की ही मुलं?

खूण काढली. पाठ पुन्हा रेकॉर्ड केला.
त्यात आता पंखा आहे, एक कावळा आहे,
माझ्या खुर्चीची करकर आहे
आणि सहा दगड.

आठवड्यानं रिवणहून एका मुलाचा गृहपाठ आला:
घरामागचे नऊ दगड, एकेकाला तीन ठोके,
मध्येच कुत्रं, मध्येच त्याची आई 'कसला रे आवाज?'
प्रणालीनं फाइल परत पाठवली, फार मोठी म्हणून.
मी मर्यादा वाढवली. कुणाला विचारलं नाही.

काल मळकर्णेकर बाई दारात उभ्या,
आमच्या विभागात एकजण आहेत, म्हणाल्या.
मी खुर्ची दिली, आणि मेनू उघडण्याआधी विचारलं,
"वर्गात तुम्ही काय वाजवता?"
बाई गोंधळल्या. रुमालाची घडी केली, उलगडली.
मग हळूच, जरा लाजून,
वृत्त शिकवताना वाजवतात तशी
माझ्या टेबलावर बोटं.