पान नाही, हात

सांदवाडीत भेद्राची सात झाडं लावली,
न्हाणीचं पाणी जातं त्या पाटाच्या कडेला, एका ओळीत.
चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून
गुडघे गेले, बोटं मात्र शाबूत.
सकाळी चहाच्या आधी
पन्नीत खर्रा घोटायचा,
चिमूटभर गालात,
आणि तसंच झाडांकडे.
पान अंगठ्या-बोटात धरलं की
पोत कळतो,
कापडाचा कळायचा तसा.

पोळा झाला आणि खालच्या पानांवर ठिपके आले,
तपकिरी, वळ्यात वळं,
बटणाच्या आत बटण.
हा करपा. एवढं मला येतं.
ती पानं कात्रीने उतरवून चुलीत घातली,
खोडाशी तणीस पसरलं,
म्हणजे पावसाने माती उडून पानाला लागत नाही.
मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या,
मग एकत्र. विळा बुडवून पाहिला,
पात्यावर तांबं चढलं, अजून चुना टाकला,
पुन्हा बुडवला. स्वच्छ.
फवारलं. करपा थांबला.

मी जरा फुगलोच.
गुरनुल्यांच्या वांग्यांनाही सल्ला देऊन आलो.

मग शेंडे चितकबरे व्हायला लागले.
हिरव्यात फिकट हिरवं,
हलक्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात फुटावा तसं.
पानं अरुंद, चुणलेली,
धावदोरा घालून कोणी ओढून धरल्यासारखी.
ठिपका नाही. अळी नाही.
चष्मा लावून एकेक पान पालथं केलं,
पांढरी माशीही नाही.
लिंबोळीचा अर्क मारला, राख टाकली,
आणि रोज बघत राहिलो हात लावून,
पहिल्यापासून सातव्यापर्यंत.
रोगही तसाच चालला.
पहिलं. दुसरं. तिसरं.

सिंदेवाहीच्या बाजारात सोनुताई लोनबले रोपं विकते.
पान घेऊन गेलो,
घरात दुसरी नव्हती म्हणून खर्ऱ्याच्या पन्नीत.
तिने पन्नी नाकाशी धरली, खाली ठेवली.
"पान नका दाखवू, मामाजी. हात दाखवा."
भविष्य सांगते की काय, म्हटलं. केला पुढे.
बोटांची पिवळी पेरं तिने नुसती पाहिली.
"तमाखूतला रोग हाय हा.
तमाखूतून तुमच्या बोटात, बोटातून भेद्रात.
औषध नाही याले. उपटा, जाळा, हात धुवा."
"मी तर रोज काळजी घेत होतो."
"हो ना," ती म्हणाली,
आणि कोणाला तरी मिरचीची रोपं मोजून द्यायला लागली.

चार उपटली. चौथं वरून बरं दिसत होतं,
त्याला तीन हिरवी फळं होती.
मुळासकट आलं, फार जोर लागला नाही.

आता साबण, दोनदा, नखात जुना ब्रश,
मग वाटीभर बिनसायीच्या दुधात बोटं,
कात्रीही त्यातच.
कौतिका दारातून बघते.
"भेद्रासाठी धुता," म्हणते,
"जेवाले बसताना कधी नाही धुतले."
यावर काय बोलणार.

खर्रा सुटला नाही, खोटं कशाला सांगू.
फाटकाबाहेर उभा राहून खातो,
परक्या घरी आल्यासारखा.
मग हात धुऊन, पाठीमागे बांधून
झाडांसमोरून फिरतो,
तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

पाचव्या झाडाला काल नवीन पान फुटलं.
वाकून बघितलं.
उन्हाकडची बाजू एकसारखी हिरवी.
दुसरी सावलीत आहे.
अंगठा आपोआप बोटाकडे जातो,
मी पाठीमागची पकड घट्ट करतो
आणि ऊन सरकायची वाट बघतो.