गोयी

शिरपूरच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो तेव्हा
हिलाल गिरासे यायचे बोराडीकडून,
सायकलच्या दांड्याला पोत्यात गुंडाळून
आजाची पाचशे सत्त्याहत्तर,
परवाना बंडीच्या आतल्या खिशात, घामाने मऊ झालेला.
दारातूनच विचारायचे, मोड शे का?

मोड म्हणजे मान मुरगळलेले रफार,
टोक गेलेल्या वेलांट्या,
आणि त्या वर्षी ळ.
केळीच्या भावाची पत्रकं छापून छापून
बारा पॉइंटाचा आख्खा खण बोथट झालेला.
मी म्हटलं, ळ आहेत. चालतील?
ते हसले.
"मन्हं काय जास? मी ते गोयीच म्हनस."

रविवारी त्यांच्या अंगणात
तीन दगडांवर कढई.
"तुना खिया कडक शे. हाडवर फुटी जाई.
जीव नरम पाहिजे."
म्हणून तापीवरच्या भोयांच्या जाळ्यांचं जुनं शिसं पंधरा वाटे,
माझे ळ एक वाटा.
ते बुडले नाहीत लगेच.
वितळल्या शिशावर तरंगले क्षणभर, उलटे,
मी जन्मभर अक्षरं वाचली तसेच उलटे,
मग पोट आत गेलं एकेकाचं.

मेणबत्तीचं बूड टाकलं. भपकन जाळ.
राख पळीने बाजूला.
साचा गार होता, पहिल्या चार निघाल्या
म्हाताऱ्याच्या कोपरासारख्या सुरकुतलेल्या.
परत कढईत.
पाचवी मात्र हातावर घेऊन त्यांनी
या हातातून त्या हातात झेलली, फुंकली,
"तीन तोये," म्हणाले, काट्याशिवाय.

कागद माझ्याकडचाच,
पावतीपुस्तकाच्या पातळ दुसऱ्या प्रतीची कातरण.
पाण्यात भिजवून दोन वेढे. अडीच नाही, पावणेदोन नाही.
टोकं तिरपी कापलेली,
व्याही शिवेवर भेटतात तशी भेटावीत,
एकमेकांच्या अंगावर चढू नयेत.
बुडाशी शेपूट पिळून सुपात रात्रभर.
राजकोरबाईंनी शिशाचं सूप वेगळं ठेवलेलं,
खुंटीही वेगळी.
सकाळी मेण आणि बोकडाची चरबी, अंगठ्याने.

नाल्यात सागाच्या ओंडक्यावर पहिला बार.
कडाड नाही, नुसता धक्का,
कुणी दार आतून लोटल्यासारखा,
आणि धूर, मोठा, पांढरा, जायला तयार नसलेला.
ओंडक्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
दहा पावलं पुढे जाऊन वाकले,
वाळूतून कागदाच्या चिंध्या वेचायला.
"दख, कागद काय म्हनस."
परवान्यावर अंगठा उठवणारा माणूस
पट्टी पट्टी उन्हात धरून वाचत होता.
ही सरळ चिरली, नळीच्या आट्यांना धरून.
ही कडेला जळली, चरबी कमी.
मीही धंद्याने प्रुफंच वाचायचो,
पण मला फक्त चुका दिसायच्या.

डुक्कर चौथ्या रात्री आलं, दादरच्या वावरात.
एकच बार. वीस पावलं गेलं आणि बसलं.
ते जवळ गेले नाहीत बराच वेळ.
बिडी काढली, पेटवली नाही.
पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली,
पुढून उमललेली, मागून जशीच्या तशी.
ती धुऊन मला दिली.
मी चष्मा लावून शोधलं तिच्यात,
उगाच.

मग शिकार बंद झाली, बंदूक ठाण्यात जमा झाली,
ते पावती घेऊन दोनदा बघायला गेले म्हणे.
त्यांच्या दहाव्याची पत्रिका माझ्याकडेच आली.
वार, ठिकाण जुळवलं.
आणि शेवटच्या ओळीला खण रिकामा:
ळ मालकांनी पुन्हा भरलेच नव्हते.
मी य लावला.
"वेय सकायी आठ."

मालक ओरडले, दोनशे प्रती वाया म्हणाले.
पण पत्रिका तोवर बोराडीला गेल्या होत्या
आणि सगळे वेळेवर आले.

गोळी अजून माझ्या टेबलावर,
प्रुफांच्या गठ्ठ्यावर.
पंख्याने कागद फडफडतात,
ती हलत नाही.