पेव

हरिपूरच्या शाळेत, चौथीला, माझ्याकडं
तस्लीम मुजावर होती.
मी फळ्यावर गणित लिहायचो,
बरोबरचं चिन्ह काढेपर्यंत
तिची वही मिटलेली.

उरलेल्या तासाचं काय करायचं?
मी कामं द्यायचो. खडू आण.
जगदाळेची वही तपास.
बोलणाऱ्यांची नावं लिही.
याला मी जबाबदारी म्हणायचो.
सहामाहीनंतर ती प्रत्येक पानावर
एक गणित चुकवायला लागली,
सावकाश, सुबक अक्षरात.
मला वाटलं, पोरगी उतरली.

आवटी सर म्हणायचे, हे उपजत, रक्तात येतं.
कुणाच्या रक्तात? बाप हळदीच्या पेवात उतरणारा,
आई अडत्याकडं हळकुंडं निवडणारी.
अपवाद, सर चष्मा पुसत म्हणायचे.
माझ्या हजेरीपटात इतके अपवाद
की नियम कुठं बसवावा कळेना.

उपजत नसतं म्हणावं तर तेही जमेना.
तिचा जुळा भाऊ इरफान, तोच बाक, तोच खडू, तोच मी,
बेरजेला अजून बोटं मोजतो.
घाटाची पायरी बघून मात्र सांगतो
कृष्णा रात्रीतून किती चढणार.
त्याचा पेपर कुणी काढत नाही.

तोवर सांगलीत क्लासेसचं पेव फुटलं होतं.
विश्रामबागच्या चौकात फलक :
आम्ही बुद्धिमत्ता घडवतो. फी दोन हप्त्यांत.

एकदा तिच्या वहीच्या कडेला पेन्सिलीचं चित्र,
तोंड अरुंद, पोट मोठं.
सर, एवढ्यात पोती किती मावतील?
घनफळ नववीला आहे, म्हटलं.
मग नववीत बसू?
वर्ग हसला.
वर्गाचं सोडा, मीही हसलो.

हायस्कूलमधून नववीचं पुस्तक आणायला
मला अडीच महिने लागले.
अंतर सव्वा किलोमीटर.
तिनं दोन रात्रीत परत दिलं.
शंकू आहे, गोल आहे.
सर, यात पेव नाही.

मला येत नाही, मी म्हणालो.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच.
वर्गासमोर, भर दुपारी.

शनिवारी तिच्या बापानं
एका रिकाम्या पेवाच्या तोंडावरची माती उकरली,
झाकण काढलं, आणि बराच वेळ
नुसता तंबाखू मळत बसला.
घाई करायची नाही मास्तर.
आत माल वर्षानुवर्षं टिकतो,
जीव टिकत नाही. हवा लागते.

मग दोरीला बांधून कंदील सोडला.
तस्लीमनं वीतवीतभर अंतरावर
दोरीला गाठी मारून आणल्या होत्या.
इरफान पोटावर झोपून आत बघत होता.
मी वही धरून.
नऊ. दहा. अकरा, ती मोजत होती.
बाराव्या गाठीला ज्योत बारीक झाली.

थांब, बाप म्हणाला.
आम्ही चौघं
पेवाच्या तोंडाशी थांबून राहिलो.