फ्रिजचं दार

नव्या फ्रिजचं दार काचेचं निघालं.
चार वर्षांची गावं एकेक लावून पाहिली,
एकेक घसरून फरशीवर आली.
ब्रुझचा टवका उडाला.
उपेंद्र म्हणाला, डबा आण.

म्हणून स्ट्रासबुर्ग, साल्झबुर्ग, ल्युब्लियाना
आणि जिचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही ती पोलिश पेठ
शिवडीला, तिसऱ्या मजल्यावर,
चकलीच्या पत्र्याच्या डब्यात आहेत.
आत एकमेकांना घट्ट धरून बसतात,
परदेशात भेटलेल्या मराठी माणसांसारखी.

तिथे शुक्रवारी रात्रीच हाताला पीठ लागायचं.
बावीस दशम्या, मोजून. लसणाची चटणी.
पहाटे पाच छप्पन्नची गाडी,
पाच जणांत एक तिकीट:
आम्ही दोघं, तांबोळी नवराबायको,
आणि पाचवं कोण मिळेल ते.
एकदा शेजारची ल्युबिका आली.
पहिल्या दशमीला तिनं विचारलं, हा केक आहे का?
तिसरीला काही विचारलं नाही.

अकराला चर्च. साडेअकराला दुसरं चर्च.
बारा दहाला पूल, कठड्याला प्रेमिकांची कुलपं.
तांबोळी दर पुलावर म्हणायचे, किल्ली कुणाकडे?
आणि आम्ही दर पुलावर हसायचो.
स्वच्छतागृहाचे पन्नास सेंट वाचवायला
एक कॉफी, पाच जणांत.
रात्री घरी येऊन नकाशावर टाचणी.
त्रेसष्ट झाल्या.
काय पाहिलं म्हणाल तर
आधी टाचण्याच आठवतात.

आणि एक जंक्शन, ज्याचं चुंबक मिळत नाही.
गाडी चुकली, पुढची दीड तासानं.
पाहायला काहीच नव्हतं.
समोर एक म्हातारा फाटकाला निळा रंग देत होता.
दोन हात मारायचा, रस्ता ओलांडून लांबून बघायचा,
परत यायचा, तिथंच तिसरा मारायचा.
आम्ही पाचही जण गप्प.
दीड तासात त्याचं अर्धं फाटक झालं.

रविवारी फोनवर अण्णा विचारायचे, या खेपेला कुठलं?
नाव डायरीत उतरवायचे, तीनदा विचारून,
तरी ब्रातिस्लाव्हाची 'बरातीसलावा' झालीच.
आता आम्हीच इथे.
पहिल्या शनिवारी चहाचा कप ठेवत म्हणाले,
आज कुठे?
मी पोळपाट घेऊन उभी. हाताला पीठ होतंच.

किल्ला घरापासून वीस मिनिटांवर.
छत्तीस वर्षं गोदीत गेली माझी, अण्णा म्हणाले,
तो तिथेच होता, मीही होतो,
भेट नाही झाली.
तिकीट किती?
तिकीट नाही, अण्णा.
मग आत असेल काय!

आत दगड, गवत,
सावलीत पत्ते खेळणारी चार पोरं.
खाली चिखलाच्या कडेला
कुणी गुलाबी खडू आडवा फिरवावा तसे रोहित पक्षी.
कुठून येतात हे?
कच्छाकडून, म्हणतात.
दर वर्षी?
दर वर्षी.
अण्णांनी दशमीचा तुकडा मोडला.
आणि दर वर्षी हेच बघतात?

घरी आलो तर डबा उघडा.
सुगंधाताई लादी पुसत होत्या,
त्यांचा भावेश खिडकीत चढलेला.
खिडकीच्या लोखंडी जाळीवर त्यानं अख्खं युरोप लावलं होतं,
उंच मनोरे खाली, कालवे वर,
टवका गेलेलं ब्रुझ मधोमध.
सुगंधाताई ओरडल्या. मी म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी अण्णा दुधाला खाली गेले
ते रस्त्यापलीकडे जाऊन उभेच राहिले, मान वर करून.
मी खिडकीतून हात केला.
वर आल्यावर म्हणाले,
रस्त्यावरून सगळ्यांच्या काळ्या पाठी दिसतात.
मी चपला घातल्या, खाली गेले, पाहिलं.
मला नाही दिसल्या.
जाळी दिसली, आणि तिच्यामागे
आमच्या स्वयंपाकघरातला दिवा.