पोटाखाली

भाऊच्या धक्क्यावर भरलेला बर्फ
चेंबूर नाक्यापर्यंत निम्मा उरतो.
बाकीचं पाणी, खारं, खवल्यांचं,
फळ्यांच्या फटींतून खाली जातं कुठे,
हे मी अकरा वर्षं विचारलं नाही.

दारूखान्यात पावसकर चाचांनी जॅक लावला,
मग जहाजाच्या लाकडाचे चार ठोकळे सरकवले.
म्हणाले, जॅक म्हणजे शब्द, ठोकळा म्हणजे माणूस.
नुसत्या शब्दावर कुणाच्या खाली शिरू नये.

पाठीखाली फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर छापलेलं: ही बाजू वर.
मी आत सरकले.

वरून आमचा टेम्पो नवरदेव.
मागच्या फळीवर लांब पापण्यांचं पापलेट,
पपा दर नारळी पुनवेला त्याच्या पापण्या नव्या करून घ्यायचे.
खालून तो कुणी वेगळाच,
पोपडे सुटलेला, न बोलणारा.

चाचा हातोडीच्या मुठीने वाजवत निघाले.
ठण. ठण. ठण.
मग एका जागी आवाज आलाच नाही,
पिठाच्या डब्यावर थाप पडावी तसं काहीतरी.
"हितं," ते म्हणाले.

आधी गोडं पाणी, जोरात, कोनाकोपऱ्यांत.
मग दोन दिवस नुसतं सुकवणं.
ओल्यावर रंग म्हणजे
चोर घरात ठेवून बाहेरून कुलूप.
मग तारेचा ब्रश. चष्मा लावला तरी
गंज दातांत येतो, रक्ताच्या चवीचा.

चौथ्या आडव्या पट्टीवर ब्रश अडला.
तळहाताएवढं एम-सील, राखाडी,
त्याच्या कडेने डोकावणारा गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा,
अर्धा मोर अजून हिरवा.
आणि मधोमध दाबलेला अंगठा,
नायलॉनच्या दोरीने कापलेला,
दोन भाग नीट न जुळलेला.
पपांचा.

म्हणजे ते इथे आले होते.
घरी बोलले नाहीत. आईने खर्च विचारला असता.
बहुतेक पहाटे, लिलाव सुरू व्हायच्या आधी,
टॉर्च दातांत धरून.

चाचांनी पटाशी माझ्या हातात दिली.
"ह्याच्या मागं पाणी बसलंय, बाय.
तुझ्या बापानं मन लावून चूक केली."

निघेना.
मग एकदम निघालं, दोन तुकड्यांत,
आणि मूठभर लाल ओला भुगा
माझ्या छातीवर सांडला.
मी तो लगेच झटकला नाही.

भोकावर आता जहाजाचा पत्रा आहे.
कुठल्या देशाचं जहाज, चाचांनाही ठाऊक नाही,
पण समुद्र त्याच्या ओळखीचा, असं ते सांगतात.
उरल्या गंजावर औषध फिरवलं,
तो जांभळं खाल्लेल्या जिभेसारखा झाला.
मग रेड ऑक्साईडचे दोन हात,
जखमेच्या बाहेर दोन बोटं जास्तच.
त्यावर डांबरी लेप. सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्यांना
आधी जुना पेपर गुंडाळून,
कालपरवाचे भाव वर आलेले.

मला वाटलं झालं.
चाचांनी सायकलची एक तार दिली.
पट्ट्यांना खालच्या अंगाला बारीक भोकं असतात,
कंपनीनेच ठेवलेली.
सगळी बुजलेली, काही खवल्यांनी,
काही आत्ताच, आमच्याच डांबराने.
"ही उघडी ठेव. पाणी येणारच.
मासळी विकतेस तू, कापूस नाही."

चौदा मोकळी केली. शेवटच्यातून
एक थेंब कपाळावर पडला. कुठून आला देव जाणे.
चाचा म्हणतात, पंधरा असतात.

आज पहाटेचे साडेतीन. लिलावाला वेळ आहे.
एम-सीलचा तुकडा खणात, जास्तीच्या बल्बशेजारी.
धक्क्याच्या ओल्या फरशीवर पुठ्ठा टाकून
मी टॉर्च दातांत धरलाय.
बाजूच्या टेम्पोवाला वाकून विचारतो, काय पडलं?
एक भोक सापडत नाही, मी म्हणते,
पण त्याला ते नीट ऐकू जात नाही.